हस्ताक्षरी फॉन्ट वापरताना या चुका टाळा

बारशाची पत्रिका असो, मिसळीच्या दुकानाचा बोर्ड असो की द्राक्षपेटीवरचं स्टिकर, नाशकात हल्ली गिऱ्हाईक म्हणतं, "हाताने लिहिल्यासारखं करा." मागणी रास्त आहे. अशा अक्षरात आपुलकी असते. पण काम बिघडतं ते ठरावीक जागी.

इंग्रजी नमुना बघून फॉन्ट निवडू नका. त्यात देवनागरी नसेल तर मराठी टाइप करताच चौकोन दिसतात, किंवा सॉफ्टवेअर परस्पर दुसराच फॉन्ट लावून टाकतं. इंडियन टाइप फाउंड्रीच्या 'कलम'मध्ये दोन्ही लिप्या आहेत, शिवाय लाइट, रेग्युलर, बोल्ड अशी ३ वजनं, म्हणजे अक्षरांच्या जाड्या. गूगल फॉन्ट्सवर तो मोफत मिळतो.

नवा फॉन्ट हाती आला की मी आधी एकच ओळ टाइप करते: 'शेतकऱ्यांची द्राक्षं'. ऱ्या, द्रा, क्षं तिथेच तपासून होतात. एकदा एका स्टिकरवर 'शेतकऱ्यांच्या'चं 'शेतकर्यांच्या' झालेलं प्रूफमध्ये सापडलं. 'आचाऱ्यांना' आणि 'आचार्यांना' यांत जेवढा फरक, तेवढाच हा. असं झालं तर आधी टायपिंग बघा: नुक्तावाला (खाली टिंब असलेला) ऱ, मग हलन्त (पाय मोडायचं चिन्ह), मग य. तेही बरोबर असेल तर दोष फॉन्टचा, सरळ बदला.

अक्षरं मोकळी दिसावीत म्हणून स्पेसिंग वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. अंतर हवंच असेल तर शब्दांमध्ये द्या, अक्षरांमध्ये नको. आउटलाइन, म्हणजे अक्षरांभोवती रेघ, देतानाही घोळ होतो: अक्षरं जिथे एकमेकांवर चढतात तिथे सांधे उघडे पडतात. कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी कर्व्ह करा (मजकुराचं चित्रासारख्या आकारात रूपांतर), मग वेल्ड (एकमेकांवर चढलेले आकार एकसंध जोडणं), मग आउटलाइन. कर्व्ह केल्यावर मजकूर दुरुस्त करता येत नाही, म्हणून त्याआधी प्रूफ वाचून घ्या आणि मूळ फाइल वेगळी ठेवा.

फ्लेक्स पाहायचा तर स्क्रीनवर नव्हे. कॉलेज रोडवरचा बोर्ड चालत्या स्कूटरवरून वाचला जातो. एक शब्द खऱ्या मापात छापून भिंतीला लावा आणि रस्त्याच्या पलीकडून वाचा. मला इथे बारीक वजन नेहमीच कमी पडलंय.

दर, फोन नंबर आणि पत्ता मात्र साध्या फॉन्टमध्येच ठेवा. झोकदार अक्षरात १ आणि ९ पटकन सारखे वाटतात, आणि ९० रुपयांची मिसळ गिऱ्हाईक १० ची समजून बसतं.