एसेनला दोन दिवस जायचंय? मग एवढी तयारी आधी करा

जर्मनी म्हटलं की सगळे म्युनिक नाहीतर बर्लिन करतात, पश्चिमेकडच्या रुर या कोळसा-पोलादाच्या भागातलं एसेन कुणाच्या लिस्टमध्येच नसतं. मी तीनदा जाऊन आलोय आणि अजून जाईन, म्हणून जे दोन दिवसांसाठी जायचा विचार करतायत त्यांच्यासाठी काय काय आधी बघून ठेवायचं ते एकदाच लिहून टाकतो.

सगळ्यात आधी कॅलेंडर उघडा. सोमवार टाळा, फोल्कवांग म्युझियमसारख्या बऱ्याच जागा सोमवारी बंद असतात (आमचा पहिल्या वेळचा एक अख्खा दिवस असाच गेला). हॉटेल बुक करायच्या आधी शहरातल्या मोठ्या प्रदर्शनाच्या तारखा बघा, ऑक्टोबरमध्ये तिथे बोर्ड गेम्सचा प्रचंड मोठा मेळा भरतो, तेव्हा रूम मिळणं मुश्कील आणि मिळाली तरी रेट भलतेच. माझं मत विचाराल तर सप्टेंबर बेस्ट, थंडी नाही आणि अंधारही वेळेत पडतो, अंधाराचं का म्हणतोय ते पुढे सांगतो. भारतातून येणार असाल तर शेंगेन व्हिसा आणि त्यासाठी लागणारा किमान 30,000 युरो कव्हरचा इन्शुरन्स हे तुम्हाला माहीत असेलच. ड्युसेलडॉर्फ एअरपोर्टवरून ट्रेनने अर्ध्या तासाच्या आत एसेन. हॉटेल मेन स्टेशनजवळच घ्या, कारण ट्राम, मेट्रो, लोकल सगळं तिथूनच सुटतं. डॉइचलांड-तिकीट (देशभरच्या लोकल, ट्राम, बसला चालणारा महिन्याचा पास) असेल तर प्रश्नच मिटला, नाहीतर सुटी तिकिटं काढाल तेव्हा त्यावर शिक्का मारायचाय का ते बघा, तिकीट खिशात आहे पण शिक्का नाही म्हणून 60 युरो दंड भरलेले आपले लोक मी पाहिलेत.

आता मुख्य गोष्ट. पहिला दिवस पूर्ण त्सोलफेराइनला द्या, अर्धा नाही, पूर्ण. ही कोळशाची खाण, स्टेशनवरून 107 नंबरची ट्राम, त्सोलफेराइन नावाचाच स्टॉप. तिचा बारा नंबरचा शाफ्ट, म्हणजे खाणीत उतरायची विहीर, 1932 मध्ये सुरू झाला, दिवसाला 12,000 टन कोळसा निघायचा, 1986 च्या डिसेंबरमध्ये खाण बंद झाली, शेजारची कोळशापासून कोक बनवायची भट्टी 1993 मध्ये, आणि 2001 मध्ये हे सगळं युनेस्कोच्या यादीत गेलं. आवारात फिरायला तिकीट लागत नाही पण आतल्या गाइडेड टूरचं बुकिंग घरूनच करून या. इंग्लिश टूर रोज असतेच असं नाही, म्हणून आधी टूरची वेळ पक्की करा आणि मग बाकीचा दिवस तिच्याभोवती बसवा. रुर म्युझियम कोळसा धुवायच्या इमारतीत आहे, बाहेरून 58 मीटर लांब सरकत्या जिन्याने थेट 24 मीटर उंचीवर जायचं आणि मग एकेक मजला खाली उतरत म्युझियम बघायचं, कोळसा जसा वरून खाली यायचा तसंच. आतला जिना नारिंगी लाइटने असा पेटलेला दिसतो की निखाऱ्यातून उतरल्यासारखं वाटतं. वर गच्चीवर जायला विसरू नका, तिथून शाफ्टवरचा 55 मीटरचा लाल लोखंडी मनोरा एकदम समोर येतो.

माझे आजोबा लालबागला गिरणीत होते, भोंग्यावर घर चालायचं. त्या गिरणीच्या जागेवर आज टॉवर आहे आणि गिरणीची साधी पाटीसुद्धा नाही. त्सोलफेराइनला मशिनं जागच्या जागी आहेत, कामगार कुठे उभा राहायचा, कुठून चालायचा ते समजतं. मी तिथे बराच वेळ नुसता उभा होतो. म्हणून सांगतो, घाई करू नका.

सामानात पावसाचं जॅकेट हवंच, उन्हाळ्यातसुद्धा. बूट चांगल्या ग्रिपचे घ्या, कारण बऱ्याच ठिकाणी जिने लोखंडी जाळीचे आहेत, खालचं सगळं दिसतं आणि पावसात निसरडं होतं. ज्यांना उंचीची भीती वाटते त्यांना आधीच सांगून ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी एस 6 लोकलने व्हिला ह्यूगल, म्हणजे पोलाद कारखानदार क्रुप घराण्याचा बंगला, 269 खोल्या, 1873 मध्ये बांधून झाला. कुठला भाग उघडा आहे ते वेबसाइटवर बघूनच निघा. याच क्रुप कंपनीने दुसऱ्या महायुद्धात सक्तीच्या मजुरांकडून काम करून घेतलं, ते वाचून गेलात तर बंगला नुसता फोटोपुरता राहत नाही. तिथून परत स्टेशनवर येऊन यू 17 मेट्रोने मार्गारेटेनह्योहेला जा, 1906 मध्ये मार्गारेटे क्रुपने सुरू केलेली वसाहत, वेलींनी झाकलेली छोटी छोटी घरं, लोक अजून राहतात त्यामुळे खिडक्यांत डोकावून फोटो नकोत. वेळ उरला तर स्टेशनजवळच्या मोठ्या चर्चमधली सोन्याच्या पत्र्याने मढवलेली मेरी बघा, साधारण 980 सालची, पंधरा मिनिटं पुरतात.

संध्याकाळी ट्रेनने ड्यूसबुर्ग आणि पुढे 903 ट्रामने लांडशाफ्ट्सपार्क, 1985 मध्ये बंद पडलेला लोखंडाचा कारखाना, आता पार्क आहे, एन्ट्री फ्री. पाच नंबरच्या भट्टीवर चढता येतं. वीकेंडला अंधार पडला की सगळा कारखाना निळ्या-हिरव्या दिव्यांनी उजळतो, पण जूनमध्ये अंधारच रात्री दहानंतर पडतो, लहान मुलं झोपून जातात आणि परतीच्या ट्राम कमी होतात, म्हणून सप्टेंबर म्हणालो. पोचल्या पोचल्या परतीच्या ट्रामची वेळ बघून ठेवा.

खायचं म्हणाल तर तिथला फेमस पदार्थ करीवुर्स्ट (करी सॉस घातलेलं सॉसेज), तो बहुतेक डुकराच्या मांसाचा असतो. शाकाहारी असाल तर फलाफल, बेकरीतले ब्रेड आणि पोमेस म्हणजे फ्रेंच फ्राइज यावर दोन दिवस निघतात. शिवाय रविवारी सगळी दुकानं बंद, फक्त मेन स्टेशनमधली काही उघडी, म्हणून शनिवारीच फळं, दूध, ब्रेड आणून ठेवा, आणि घरून निघताना दशम्या नि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतलीत तर उत्तमच. पाणी नळाचं बिनधास्त प्या, बाटली भरून घ्या. एकूण पाच-दहा युरो होतील एवढी सुटी नाणी वेगळी ठेवा, टॉयलेटला आणि कोपऱ्यावरच्या टपऱ्यांना लागतात. त्या टपरीवर एकदा थांबा मात्र, खाणीतून वर आलेले लोक तिथेच उभं राहून बिअर प्यायचे, आणि अजूनही म्हातारे लोक भेटतात, त्यांना 'ग्ल्युक आउफ' म्हणा, खाणीत उतरताना एकमेकांना हेच म्हणायचे.