नवीन पिस्तूल पहिल्यांदा उघडताना आणि साफ करताना: नवख्यांसाठी माझा अनुभव

टेक्सासमधे आपले बरेच लोक ग्रीन कार्ड आल्यावर पहिलं पिस्तूल घेतात (एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असताना शिकारीचं लायसन्स वगैरे अपवाद सोडले तर घेताच येत नाही). दुकानात फॉर्म ४४७३ (बंदूक घेताना भरायचा सरकारी फॉर्म) भरला, बॅकग्राउंड चेक झाला की तासाभरात डबा घेऊन माणूस घरी, आणि मग रात्री फोन येतो, की अरे हे उघडायचं कसं. गेली ३ वर्षं मी वीकएंडला एका शूटिंग रेंजवर सेफ्टी ऑफिसर म्हणून उभा असतो, त्यामुळे असे फोन मला बरेच येतात, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहितोय. माझं स्वतःचं ग्लॉक १९ आहे, जेन ५ (पाचवी पिढी), त्यामुळे खालचं सगळं त्याबद्दलच. दुसरं कुठलं पिस्तूल असेल तर त्याचं मॅन्युअल काढा आणि तसंच करा.

माझी सुरुवात कॉलेजमधे सांगलीला एनसीसीत झाली. पॉइंट टू-टू रायफल, पुलथ्रू (नळीतून चिंदी ओढायची दोरी), चिंदी आणि तेलाची छोटी बाटली. फायरिंग सकाळी अर्धा तास आणि दुपारभर चिंदी मारत बसायचं, चिंदी पांढरी बाहेर येईपर्यंत. तेव्हा कंटाळा यायचा, पण आमचे उस्ताद रायफल हातात देताना आणि परत घेताना दोन्ही वेळा बोल्ट उघडून चेंबर (नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते ती जागा) बघायला लावायचे, आत्ताच बघितलं असं म्हटलं तरी परत. ती सवय मला इथे सगळ्यात जास्त उपयोगी पडली.

कारण ग्लॉक उघडताना एक गोष्ट करावी लागते जी ऐकून नवा माणूस दचकतो, आणि दचकायलाच पाहिजे: ट्रिगर दाबावा लागतो. आत फायरिंग पिन (गोळीच्या बुडावर आपटणारी पिन) अर्धवट ताणलेली असते आणि ट्रिगर बारने (ट्रिगरला जोडलेल्या पट्टीने) ती धरून ठेवलेली असते, ती सुटल्याशिवाय स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, पुढे निघून येत नाही. सिग पी३२० किंवा स्मिथ अँड वेसनच्या एम अँड पी मधे ट्रिगर न दाबता उघडायची सोय आहे, ग्लॉकमधे नाही. म्हणजे चेंबरमधे चुकून गोळी राहिली असेल तर ती साफसफाई करायला बसलेल्या टेबलावरच सुटणार. "साफ करताना गोळी सुटली" हे जे आपण बातम्यांमधे वाचतो ना, त्यामागे असली चूक असू शकते.

म्हणून क्रम. आधी मॅगझिन (मुठीत बसणारा गोळ्यांचा डबा) काढायचं, मग स्लाइड मागे ओढायची. उलटं केलं तर काय होतं बघा: मॅगझिन आत असताना स्लाइड ओढली की चेंबरमधली गोळी उडून टेबलावर पडते, आपल्याला वाटतं झालं रिकामं, पण स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधली पुढची गोळी चेंबरमधे ढकलते, आणि मग आपण शांतपणे मॅगझिन काढतो. मॅगझिनची जागा रिकामी, टेबलावर पडलेली गोळी, सगळं पटण्यासारखं, आणि पिस्तूल भरलेलं. रेंजवर एका चांगल्या शिकलेल्या, सावध माणसाला मी नेमकं हेच करताना थांबवलंय, त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तेव्हा मॅगझिन बाहेर, ३ वेळा स्लाइड ओढा, मग मागे लॉक करा, चेंबरमधे डोळ्याने बघा आणि करंगळी घालून चाचपा, मॅगझिनची जागाही चाचपा. गोळ्या आणि भरलेली मॅगझिन्स दुसऱ्या खोलीत ठेवून या, त्याच टेबलावर कोपऱ्यात वगैरे नको.

आणि ट्रिगर दाबताना पिस्तुलाचं तोंड कुठे? इथली घरं लाकूड आणि ड्रायवॉलची, सांगलीच्या घरासारख्या विटांच्या भिंती नाहीत. ९ एमएमची गोळी असल्या भिंती सहज पार करून मुलांच्या खोलीत जाऊ शकते. मी गराजमधे वाळूने भरलेली ५ गॅलनची बादली ठेवलीय, तोंड त्या वाळूकडे धरूनच ट्रिगर दाबतो. बादली आणि वाळू मिळून फार खर्च नाही, पहिल्याच दिवशी आणा.

आता उघडणं. स्लाइड पुढे सोडा, वाळूकडे धरून ट्रिगर दाबा, टक् आवाज येईल. मग उजव्या हाताची चार बोटं स्लाइडवरून आणि अंगठा ग्रिपच्या मागून असं धरायचं आणि स्लाइड अगदी थोडी मागे, ३ मिलिमीटरच्या आसपास. तेवढ्यात डाव्या हाताने ट्रिगरच्या वरती दोन्ही बाजूंना जी बारीक पट्टी आहे तिची दोन्ही टोकं खाली ओढून धरायची आणि स्लाइड पुढे ढकलायची. ती पट्टी म्हणजे स्लाइड लॉक. स्लाइड उघडी धरून ठेवणारा जो मोठा खटका मागे आहे तो स्लाइड स्टॉप, तो वेगळा, नवे लोक तोच दाबत बसतात. सगळ्यांचीच दुसरी चूक म्हणजे स्लाइड ३ मिलिमीटरऐवजी इंचभर मागे ओढणं. तेवढं ओढलं की ट्रिगर परत पुढे येतो, फायरिंग पिन परत अडकते आणि स्लाइड निघत नाही. मी पहिल्या रात्री पंधरा मिनिटं झगडत होतो, शेवटी कळलं. असं झालं तर जोर लावू नका, परत पहिल्यापासून, चेंबर बघण्यासकट.

स्लाइड निघाली की तिच्यातून रिकॉइल स्प्रिंग थोडी पुढे दाबून उचलायची, मग बॅरल (नळी) उचलायची. फ्रेम, स्लाइड, बॅरल, स्प्रिंग, हे ४ भाग झाले की थांबायचं. व्हिडिओ बघून स्लाइडच्या मागची प्लेट आणि ट्रिगरच्या पिना काढायचा मोह होतो, नवख्याने तिकडे जाऊ नये, त्याची गरजही नसते.

नवीन पिस्तुलात स्लाइडच्या आत तांब्याच्या रंगाचं ग्रीस दिसेल. मला दुकानातल्या माणसाने सांगितलं ते फॅक्टरीचं आहे, सगळं पुसून टाक, आणि मी टूथब्रशने घासून घासून काढलं. नंतर मॅन्युअल वाचलं तर त्यात स्पष्ट लिहिलेलं की ते मुद्दाम लावलेलं आहे, सुरुवातीच्या काळात घासणाऱ्या भागांसाठी, ते राहू द्या. फक्त बॅरल आतून पुसा आणि जादाचं तेल टिपून घ्या. नवीन असेल तरी पहिल्या फायरिंगच्या आधी एकदा उघडून साफ करायचं, मग दर वेळी फायर केल्यावर, आणि नुसतं पडून असेल तर महिन्यातून एकदा, हे मॅन्युअलचंच म्हणणं आहे आणि मी ते पाळतो.

बॅरल साफ करताना ब्रश चेंबरच्या बाजूने घालायचा आणि पूर्ण बाहेर निघाल्यावरच परत ओढायचा, मधेच उलटा फिरवायचा नाही. डब्यात ग्लॉकचा स्वतःचा प्लास्टिकचा रॉड आणि नायलॉन ब्रश येतो, सुरुवातीला तेवढा पुरतो. सॉल्व्हंट, मग चिंदी (इथे पॅच म्हणतात, मी चिंदीच म्हणतो), मग कोरडी चिंदी. स्लाइडचा जो भाग गोळीच्या बुडाला टेकतो तो टूथब्रशने घासताना स्लाइडचं तोंड खाली धरा, म्हणजे सॉल्व्हंट फायरिंग पिनच्या भोकात उतरत नाही. ते भोक कोरडंच राहिलं पाहिजे. हे मी कळवळून सांगतोय कारण पहिल्या खेपेला मी आपल्या शिलाई मशीनला घालतो तसं सगळीकडे भरपूर तेल घातलं होतं, २-३ महिन्यांनी त्यात काजळी बसून आत चिखल झाला आणि रेंजवर ट्रिगर दाबला की नुसता टक्, प्रायमरवर (गोळीच्या बुडातली, पिन आपटली की पेटणारी टिकली) बारीकसा खड्डा आणि गोळी सुटेना.

तेल लागतं एकूण ५-६ थेंब. बॅरलला बाहेरून एक बोटाने पसरवून, स्लाइडच्या दोन्ही खाचांत एकेक, बॅरलचा वरचा भाग स्लाइडला घासतो तिथे एक, आणि फ्रेममधे मागच्या बाजूला ट्रिगर बार आणि कनेक्टर एकमेकांना टेकतात तिथे एक. हा शेवटचा विसरू नका. एकाने मला खोबरेल चालेल का विचारलं होतं, नाही चालणार, थंडीत बाटलीत गोठतं तसं आतही गोठेल. गन ऑइलची छोटी बाटली वर्षानुवर्षं पुरते.

हातमोजे घाला. प्रायमरमधे शिसं असतं आणि ती काजळी बोटांना लागते, त्यामुळे टेबलावर चहा नको, झाल्यावर साबणाने हात तोंड धुवा, रेंजवरचे कपडे वेगळे धुवा, लहान मूल असेल तर त्याला उचलायच्या आधी हे सगळं.

जोडताना बॅरल आधी, मग स्प्रिंग. तिचं मागचं टोक बॅरलच्या खालच्या खाचेत नीट बसलंय का बघा, वाकडं बसलं तर स्लाइड अडकते. फ्रेमवरच्या ४ छोट्या धातूच्या पट्ट्यांवर स्लाइड बसवून पूर्ण मागे ओढा आणि सोडा, काही दाबावं लागत नाही. मग वाळूकडे धरून तपासणी: ट्रिगर दाबा, टक्, ट्रिगर दाबूनच ठेवा, स्लाइड ओढून सोडा, आता ट्रिगर हळूच सोडा, रिसेटचा (ट्रिगर परत तयार झाल्याचा) बारीक आवाज आला आणि ट्रिगर पुढे आला की जोडणी बरोबर.

खंडेनवमीला मी पाटावर बंद डबा ठेवतो आणि हळदकुंकू डब्याला वाहतो, पिस्तुलाला नाही, ती पूड स्लाइडमधे गेली की काढता काढता नाकी नऊ येतात. पूजा झाली की डबा परत तिजोरीत. टेक्सासमधे १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती तुमच्या हलगर्जीपणामुळे भरलेलं पिस्तूल लागलं तर तो तुमच्यावर गुन्हा आहे, आणि माझी मुलगी आता ६ वर्षांची आहे, ड्रॉवर उघडते, स्टुलावर चढते. तिजोरीचा कोड तिचा वाढदिवस नाही.