नीलमचा रफ (न कापलेला कच्चा दगड) घेताय? निळ्या रंगाला भुलू नका, या चुका टाळा

आमच्या साकोलीकडं कुणाला बांधावर नाहीतर मुरूम खोदताना निळसर चपटा दगड सापडला की तो रुमालात बांधून माझ्याकडं येतो, "भाऊ, पाह्य बरं, नीलम हाये का हा?" आजपर्यंत एकही नीलम निघाला नाही. तो असतो कायनाइट, एक निळसर खनिज, आपल्या भंडारा जिल्ह्यात तो सापडतोच. सुईनं लांबीच्या बाजूनं ओढा, ओरखडा पडतो. नीलमची कठीणता 10 पैकी 9, त्याच्यावर सुईच झिजते. एकानं ऐकलं नाही, साडेसाती आहे म्हणून तोच दगड अंगठीत बसवला, धानाच्या रोवणीत पहिल्याच आठवड्यात त्याचा पापुद्रा निघाला.

तर पहिली चूक हीच, दगड कोणता ते न पाहता रंग पाहणं. बाजारात काच पण निळी, स्पिनेल नावाचा दुसरा खडा पण निळा. माझा उपाय साधा आहे, छोटा डिजिटल काटा घ्यायचा, दगड कोरडा मोजायचा, समजा 1.68 ग्रॅम भरला. मग काट्यावर पाण्याची वाटी ठेवून झिरो करायचं आणि दगड बारीक धाग्याला बांधून पाण्यात बुडवायचा, बुडाला टेकू द्यायचा नाही, अंगावर बुडबुडे पण राहू द्यायचे नाहीत. काटा 0.42 दाखवेल तर 1.68 भागिले 0.42 म्हणजे दगड पाण्याच्या 4 पट जड, नीलमच्या घरचा आकडा. तेवढ्याच वजनाचा कायनाइट असेल तर काटा 0.47 च्या आसपास येतो, साध्या काचेला 0.67 सारखा. पण थांबा, भट्टीत बनवलेला सिंथेटिक नीलम पण 4 च देतो, आणि त्याचे तुकडे घासून गोटे करून रफ म्हणून विकतात. लूपमधून (छोट्या भिंगातून) आत पाहा, नैसर्गिकात रंगाचे पट्टे सरळ आणि कोनात वळलेले असतात, भट्टीतल्यात ते वाकडे, कमानीसारखे दिसतात, कधी गोल बुडबुडे पण असतात.

आता माझी फजिती. 6 कॅरेटचा श्रीलंकेचा रफ घेतला होता, हातात धरला की पूर्ण निळा, मी खूश. विकणाऱ्यानं काही फसवलं नाही, मीच पाण्यात बुडवून पाहिला नाही. सगळा रंग एका कडेला, नखाएवढ्या जागेत होता, आणि मी टेबलसाठी (वरच्या मोठ्या सपाट पैलूसाठी) सपाट करायला नेमकी तीच कड घासली. तासाभरात हातात खडीसाखर! श्रीलंकेच्या दगडात असं लय वेळा असतं, रंग एकाच ठिकाणी साचलेला आणि प्रकाश तोच रंग सगळ्या दगडात फिरवतो. अशावेळी तो डाग खालच्या टोकाशी ठेवायचा, वरून पाहिलं तर पूर्ण दगड निळा दिसतो. म्हणून काचेच्या वाटीत पाणी, जमलं तर लिक्विड पॅराफिन घ्या, खाली पांढरा कागद ठेवा, दगड बुडवून चारी बाजूंनी फिरवा, कडा पुसट होतात न रंग कुठं बसलाय ते उघडं पडतं. फिरवताना एका दिशेनं जांभळट निळा आणि आडव्या दिशेनं हिरवट दिसेल, टेबल जांभळट दिशेला ठेवायचा, पण तसं केल्यावर वजन किती जातं ते पण पाहायचं, उभट दगडात ते फार जातं.

तेल लावलेला रफ कधीच तसा घेऊ नका. तेलानं भेगा लपतात. गरम पाणी न साबणानं धुवा, कोरडा करा, मग टॉर्च बाजूनं मारा, भेग आरशासारखी चमकते. कडेची असेल तर चालते, मधून गेली असेल तर एका दगडाचे दोन छोटे दगड होतील असंच समजून भाव करायचा.

"बिनाहीट" म्हणजे न तापवलेला, या शब्दाचे वेगळे पैसे मागतात. आत रेशमासारख्या बारीक सुया अख्ख्या दिसल्या तर चांगली खूण आहे, त्या तुटून ठिपके झाले असतील किंवा आतल्या कणाभोवती गोल चकतीसारखी भेग असेल तर दगड तापवलेला असण्याची शक्यता जास्त. पण सुया नाहीत म्हणजे तापवलाच असं पण नाही, आणि बेरिलियम घालून तापवून रंग बदललेला असेल तर ते लूपला कळतच नाही. लॅबच्या रिपोर्टशिवाय बिनाहीटचा भाव मी देत नाही. काश्मिरी म्हटलं तर मग बोलणंच बंद, जम्मू-काश्मीरमधल्या पाडरची ती जुनी खाण 1881 च्या सुमारास सापडली न चांगला माल थोड्याच वर्षांत संपला, तो आपल्या आठवडी बाजारात कुठून येणार बाप्पा?

हिशोब रत्तीत करू नका, रत्ती ज्याची त्याची वेगळी असते, कॅरेट किंवा ग्रॅम विचारा, 5 कॅरेट म्हणजे 1 ग्रॅम. कटिंगनंतर 20 ते 30 टक्के वजन हाती लागतं, म्हणजे 8 कॅरेटच्या रफचे साधारण 2 कॅरेट. रफ 2,000 रुपये कॅरेट पडला तर तयार दगड कॅरेटला 8,000 ला पडला, मजुरी वेगळी. आणि फिका रफ कापून लहान झाला की आणखी फिका दिसतो, काळपट मात्र बऱ्याचदा काळपटच राहतो. हे सगळं सकाळच्या उजेडात, सावलीत, पांढऱ्या कागदावर पाहायचं. दुकानातल्या पांढऱ्याफेक एलईडीखाली निळा नेहमी भारीच दिसतो, दगड घेऊन बाहेर ओट्यावर या, विकणारा नाही म्हणाला तर तिथूनच बस पकडा.