पावसाळी ढग हवेत आणि गेमही अडखळायला नको: फ्लाइट सिम्युलेटरची सेटिंग्ज कशी लावावीत

जुलैत मुंबईहून विमान उचललं की घाटावर ढगांच्या राशी लागतात आणि पुण्याच्या लोहगाव विमानतळावर उतरता उतरता स्क्रीन अडखळायला लागते. बरेच जण इथे वैतागून सगळं ग्राफिक्स सरसकट ‘लो’वर टाकतात. तसं करू नका. वारा, तापमान, हवेचा दाब ही नुसती आकडेमोड असते, ती संगणक जाता जाता उरकतो. भार पडतो तो डोळ्यांना दिसणाऱ्या हवामानाचा, आणि त्यात सगळ्यांत खादाड म्हणजे ढग.

खालची नावं मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमधली आहेत. एक्स-प्लेन १२ या दुसऱ्या सिम्युलेटरमध्येही रीत हीच, फक्त मेन्यू वेगळे.

आधी चाचणीची जागा पक्की करा. लाइव्ह वेदर, म्हणजे त्या क्षणाचं खरं हवामान गेममध्ये आणणारी सोय, बंद ठेवा, कारण ते सतत बदलतं आणि मग फरक सेटिंगमुळे पडला की आभाळ उघडल्यामुळे, हे कळत नाही. तयार हवामानांपैकी ‘स्टॉर्म’ निवडा, विमान आणि वेळ तीच ठेवा आणि लोहगावच्या रनवे २८ वर दर वेळी सारख्याच अंतरावरून उतरा. ढगांचे थर स्वतः रचणार असाल तर एक भान ठेवा: लोहगावची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे १,९४० फुटांवर आहे. समुद्रसपाटीपासून मोजून ढगांचा तळ २,५०० फुटांवर ठेवलात, तर धावपट्टीवर जेमतेम साडेपाचशे फूट मोकळे राहतात.

आता दम कुणाचा संपतोय ते पाहा. जनरल ऑप्शन्समध्ये डेव्हलपर मोड सुरू करा आणि वर आलेल्या पट्टीतून ‘डिस्प्ले एफपीएस’ निवडा. एफपीएस म्हणजे दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या, म्हणजेच फ्रेम रेट. कोपऱ्यातल्या चौकटीत ‘लिमिटेड बाय जीपीयू’ किंवा ‘लिमिटेड बाय मेनथ्रेड’ असं दिसेल. हे न बघता सेटिंग्ज बदलणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

जीपीयू, म्हणजे ग्राफिक्स कार्ड अडत असेल तर ‘व्हॉल्युमेट्रिक क्लाउड्स’ला हात घाला. हे ढग म्हणजे चिकटवलेली चित्रं नव्हेत. स्क्रीनवरच्या ठिपक्यामागून नजरेची रेघ ढगात शिरते आणि तिच्यावर टप्प्याटप्प्याने ढग किती दाट आहे, उजेड किती पोचतोय, याचा हिशेब होतो. ‘अल्ट्रा’वरून ‘हाय’वर आलात तर उडताना फरक शोधावा लागतो. ‘मीडियम’वर मात्र ढगांच्या कडा दाणेदार व्हायला लागतात, माझ्या मते तिथे जायची वेळ आलीच, तर त्याआधी रेंडर स्केलिंग कमी करून बघावं. १९२० × १०८० च्या स्क्रीनवर ते ८० केलं की चित्र १५३६ × ८६४ मध्ये तयार होतं, म्हणजे ठिपके ३६ टक्क्यांनी घटतात. डीएलएसएसनेही, म्हणजे कमी ठिपक्यांचं चित्र मोठं करून दाखवणाऱ्या एनव्हिडिया कार्डांवरच्या तंत्रानेही, बराच आराम पडतो, पण कॉकपिटमधल्या स्क्रीनवरचे पळते आकडे फरपटल्यासारखे दिसू शकतात. उंचीचा आकडा पाचशे फुटांखाली धावत असताना तो नीट वाचता आला पाहिजे, तेव्हा ते उतरतानाच तपासा.

मेनथ्रेड अडत असेल तर प्रोसेसर कमी पडतोय. अशा वेळी ढग कमी करून हाती फारसं काही लागत नाही. ‘टेरेन लेव्हल ऑफ डिटेल’, म्हणजे जमिनीवरचा बारकावा, खाली आणा आणि विमानतळावरची गाड्या-विमानांची वर्दळ कमी करा. पुण्यासारख्या दाट वस्तीवरून जाताना याचा परिणाम लगेच जाणवतो.

एका वेळी एकच सेटिंग बदला, एफपीएसचा आकडा लिहून ठेवा.

मग फ्रेम रेटला कुलूप लावा. कधी ५५ तर कधी २२ असं हेलकावण्यापेक्षा स्थिर ३० कधीही बरे; उतरताना हाताला सवय होते ती सारख्या लयीची. लॅपटॉपवाल्यांनी हे आवर्जून करावं. एप्रिल-मेच्या दुपारी पंख्याखाली बसून खेळलात तर लॅपटॉप तापून स्वतःच वेग कमी करतो, आणि आपण उगाच ढगांना शिव्या घालत बसतो.

काचेवरचे पावसाचे थेंब मी तरी काढणार नाही. त्यांच्यामुळे धावपट्टीचे दिवे पुसट होतात, आणि पावसात उतरण्याचा निम्मा कस तिथेच लागतो. त्याऐवजी पाण्यावरची प्रतिबिंबं आणि उन्हाचे झोत खुशाल कमी करा.

‘स्टॉर्म’मध्ये ३० टिकले की लाइव्ह वेदर सुरू करा. गेमचं किंवा ग्राफिक्स ड्रायव्हरचं मोठं अपडेट आलं की रनवे २८ ची तीच फेरी पुन्हा मारा आणि लिहून ठेवलेल्या आकड्यांशी ताडून बघा.