साइट उघडायला वेळ लागतो? मग या चुका टाळा

हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला, पाचनईत, पहाटे साडेपाचला जीपमधून उतरलो. मोबाइलला रेंजची एकच काडी. बघायचं एवढंच होतं की पाणी नक्की कुठे मिळतं. एका मित्राच्या ट्रेकिंगच्या साइटवर ही माहिती छान लिहिलेली आहे, मी स्वतः ती घरी वाचली होती. पण पान काही उघडेना. पांढरा पडदा, वर गोल फिरणारं चक्र. शेवटी फोन खिशात टाकला आणि एका घरासमोर अंगण झाडणाऱ्या आजींना विचारलं.

पुण्याला परतल्यावर मित्राला आधी चार शब्द सुनावले, मग त्याच्या साइटचं काम अंगावर घेतलं. त्यानंतर ओळखीपाळखीतल्या अशा पाच-सहा साइट्स हाताखालून गेल्या. पाककृतींची, गणपतीच्या मूर्तींची, एका क्लासची. चुका सगळीकडे त्याच.

फोटो पीएनजीत ठेवणं

मित्राचं म्हणणं, ‘जेपीजीत क्वालिटी मरते.’ म्हणून कोकणकड्याचे अठरा फोटो लॅपटॉपवर सजवून त्याने पीएनजीत काढले होते. पीएनजी एकाही पिक्सेलचा रंग बदलू देत नाही. लोगो, नकाशा किंवा स्क्रीनशॉट असेल तर हे झकास, कारण तिथे मोठमोठे पट्टे एकाच रंगाचे असतात आणि थोडक्या जागेत मावतात. कातळ आणि गवताच्या फोटोत मात्र शेजारशेजारचे दोन पिक्सेलही सारखे नसतात. एकेक फोटो तीन एमबीच्या आसपास. वाचत वाचत पानाच्या तळाशी पोचेपर्यंत ५० एमबी खर्च!

आम्ही काय केलं, तर गूगलच्या क्रोम टीमने बनवलेलं ‘स्क्वूश’ हे फुकटचं साधन उघडलं. ते ब्राउझरमध्येच चालतं, फोटो आपल्या मशीनबाहेर जात नाही. रुंदी १२०० पिक्सेल केली, फॉरमॅट वेबपी (वेबसाठीच बनवलेलं हलकं स्वरूप) निवडला आणि क्वालिटीची दांडी ७५ वर आणली. मधली रेघ सरकवली की डावीकडे मूळ फोटो दिसतो, उजवीकडे नवा. मित्र नाक पडद्याला लावून गवताची पाती न्याहाळत बसला होता. पाच मिनिटांनी म्हणाला, ‘फरक आहे, पण कुठे ते सांगता येत नाहीये.’ धुक्याचे फोटो तर शंभर केबीच्याही खाली आले. गवताचे दोनशेच्या पुढे गेले, तर जाऊ दिले.

वेबपी आता सगळ्या चालू ब्राउझरना समजतं. सफारी मागे होता, तोही २०२० मध्ये आला. मूळ फोटो मात्र स्वतःकडे जपून ठेवा. साइटवरचा फोटो म्हणजे काही अल्बम नव्हे.

इथे एक गैरसमजही काढून टाकतो. देवनागरी मजकूर जड असतो म्हणून साइट हळू चालते, असं मला दोघांनी सांगितलंय. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे वेबवर अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, तीन बाइट घेतं, हे खरं. ‘मराठी’ या शब्दात पाच चिन्हं, म्हणजे १५ बाइट. हाच शब्द रोमन लिपीत सात बाइटमध्ये बसतो. पण हजार शब्दांचा अख्खा लेख झाला तरी १८-२० केबी, आणि सर्व्हरवर जीझिप किंवा ब्रॉटली (मजकूर दाबून छोटा करायच्या पद्धती) चालू असेल तर प्रवासात त्याचाही जेमतेम पाव भाग उरतो. मित्राच्या एका फोटोत असे दीडशे लेख बसले असते. लिहायचं तेवढं लिहा.

पहिल्याच फोटोला ‘लेझी’ करणं

लेझी लोडिंग म्हणजे वाचक जवळ पोचला की मगच फोटो मागवायचा. वर्डप्रेसमध्ये, म्हणजे अशा बहुतेक साइट्स ज्यावर चालतात त्या सॉफ्टवेअरमध्ये, ही सोय ऑगस्ट २०२०च्या ५.५ आवृत्तीपासून आपोआप मिळते. तरी लोक त्यासाठी वेगळं प्लगिन (वरून जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) घालतात, आणि ते प्लगिन उत्साहाने सगळ्याच फोटोंना लेझी करून टाकतं, अगदी मथळ्याखालच्या मोठ्या फोटोलाही. जो फोटो सगळ्यात आधी दिसायला हवा, तोच रांगेत शेवटी! गूगलच्या वेग मोजणाऱ्या पेजस्पीड इनसाइट्समध्ये ‘एलसीपी’ (पडद्यावरचा सगळ्यात मोठा भाग दिसायला लागणारा वेळ) म्हणून जो आकडा दिसतो, तो बहुतेक वेळा याच फोटोचा असतो आणि तो अडीच सेकंदांच्या आत हवा. प्लगिनच्या सेटिंगमध्ये पहिला फोटो वगळायची सोय शोधा. नसेल तर प्लगिनच काढा.

वेगाची दोन-दोन प्लगिन

ही चूक मला सर्वात जास्त भेटली. साइट हळू, म्हणून एक कॅशिंग प्लगिन टाकलं. फरक पडला नाही, म्हणून पहिलं तसंच ठेवून दुसरं. कॅशिंग म्हणजे पान एकदा शिजवून ठेवायचं आणि येणाऱ्याला तेच वाढायचं. वर्डप्रेसमध्ये या कामासाठी ‘ॲडव्हान्स्ड-कॅशे’ नावाची एकच फाइल असते आणि दोन्ही प्लगिनना तीच हवी असते. एका ओट्यावर दोन आचारी. मग कधी जुनं पान दिसतं, कधी पानाची मांडणी विस्कटते, कधी थेट पांढरा पडदा.

पांढरा पडदा आला तर घाबरू नका. होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमध्ये जाऊन त्या प्लगिनच्या फोल्डरचं नाव बदला, वर्डप्रेस ते प्लगिन आपोआप बंद करतं. मग एकच ठेवा, कुठलंही. लेखात दुरुस्ती केली आणि ती दिसत नसेल, तर कॅशे तीन ठिकाणी असू शकतो: प्लगिनमध्ये, सीडीएनमध्ये (साइटच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवणारी सेवा) आणि तुमच्या स्वतःच्या ब्राउझरमध्ये. त्याच क्रमाने साफ करा.

फॉन्टचा हौसेचा मामला

मराठी साइटवर फॉन्टचं ओझं रोमनपेक्षा जास्तच असतं, कारण जोडाक्षरांच्या शेकडो आकृत्या फाइलमध्ये असाव्या लागतात. ‘मुक्त’ या फॉन्टची सात वजनं, म्हणजे बारीक ते जाड असे प्रकार, मिळतात. क्लासच्या साइटवर सातही मागवली होती, वापरात दोन. साधं आणि ठळक ठेवा, बाकी काढा. फॉन्ट वॉफ-२ या वेबसाठीच्या दाबलेल्या स्वरूपात हवा आणि ‘फॉन्ट-डिस्प्ले’ला ‘स्वॅप’ हवं, म्हणजे फॉन्ट येईपर्यंत फोनमधल्या अक्षरात मजकूर दिसत राहतो. खरं तर नुसत्या मजकुरासाठी फोनमधला देवनागरी फॉन्टच पुरतो, पण हे हौशी माणसाला पटवणं अवघड.

फाइल हलकी करायला फॉन्टमधल्या ‘नको त्या’ आकृत्या छाटण्याचा उद्योग जपून करा. एकाने केला आणि ‘दऱ्या’मधला अर्धा र गायब झाला. शिवाय ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दाखवायची सोय अनेक फॉन्टमध्ये असते. पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवली असेल तरच ती चालते, आणि अशा छाटणीत तीही जाऊ शकते.

मोजतानाच चूक

स्वतःच्या साइटवर लॉगिन करून, घरच्या वायफायवर, ‘उघडते की पटकन’ म्हणू नका. फोटो आधीच तुमच्या ब्राउझरमध्ये साठलेले असतात. उलट लॉगिन केलेल्याला कॅशिंग प्लगिन साधारणपणे साठवलेलं पान देत नाही, त्यामुळे कधी खऱ्याहून हळूही वाटतं. दोन्हीकडून आकडा खोटा. इनकॉग्निटो खिडकी, मोबाइल डेटा आणि घरातला सर्वात जुना फोन, ही खरी परीक्षा.

आणि पेजस्पीडच्या १०० गुणांच्या मागे लागू नका. एकच पान पाच मिनिटांत दोनदा तपासलं तरी गुण बदलतात. तिथे वरच्या बाजूला खऱ्या वाचकांकडून आलेले मागच्या २८ दिवसांचे आकडे दिसत असतील तर ते महत्त्वाचे. छोट्या साइटला पुरेसे वाचक नसतात, तेव्हा तो भाग रिकामाच राहतो.

किरकोळ दोन गोष्टी. लेखात यूट्यूबचा व्हिडिओ थेट चिकटवला की कुणी तो न बघताही शेकडो केबींचा कोड उतरतो. त्याऐवजी चित्र ठेवा आणि दाबल्यावर व्हिडिओ येऊ द्या. आणि वाचक महाराष्ट्रात असतील तर सर्व्हर अमेरिकेत कशाला? मुंबईतला घ्या. वाचक दोन्हीकडे असतील तर सीडीएन लावा.

मित्राचं ते पान आता साडेतीन एमबीच्या आसपास आहे आणि वाट-पाण्याची माहिती पहिल्या फोटोच्याही वर आली आहे. फक्त मुखपृष्ठावरचा सरकत्या फोटोंचा स्लायडर काढायला तो तयार नव्हता. सहाचे तीन फोटो करण्यावर तडजोड झाली.