नेट एकदाच लागावे: रिॲक्ट ॲपमधील डिपेंडन्सी कमांड लाइनवरून सांभाळण्याची रीत

यवतमाळ जिल्ह्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी आम्ही कापूस खरेदीचे छोटे वेब ॲप बांधले आहे. काटापावती, ओलाव्याची नोंद, चुकारा आणि सभासदाचा खातेउतारा हे त्याचे निरनिराळे कंपोनंट, म्हणजे ॲपचे सुटे भाग, असून ते सगळे रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या आधारे लिहिलेले आहेत. आम्ही स्वतः लिहिलेला कोड थोडकाच आहे, पण त्याला चालवणारी पॅकेजे, म्हणजे इतरांनी लिहिलेले तयार कोडचे गठ्ठे (यांनाच डिपेंडन्सी म्हणतात), शेकड्यांनी भरतात, आणि ती जिथून उतरवायची ते नेट गावात मोबाइलच्या हॉटस्पॉटवर अवलंबून असते. म्हणून पॅकेजे एकदाच, बऱ्या नेटवर उतरवावीत आणि पुढे प्रत्येक संगणकावर तंतोतंत तीच बसावीत, एवढ्या एका उद्देशाने ही रीत सांगतो. कमांड येथे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत टाइप कराव्यात.

जात आणि लॉट क्रमांक

जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडसोबत येणारे एनपीएम हे पॅकेजे बसवण्याचे साधन 2010 पासून वापरात आहे. ते दोन फायलींवर चालते. पॅकेज.जेसन या फायलीत कोणती पॅकेजे हवीत हे आपण लिहितो, परंतु तेथील आवृत्ती बहुधा नेमकी नसते. '^4.2.1' असे लिहिले तर 4.2.1 पासून 5 च्या आतली कोणतीही आवृत्ती चालेल, असा त्याचा अर्थ होतो. पहिला आकडा जुना कोड मोडू शकणाऱ्या बदलाचा, दुसरा नव्या सोयीचा आणि तिसरा दुरुस्तीचा असतो. पहिला आकडा शून्य असेल तर नियम कडक होतो आणि '^0.2.3' हे 0.3.0 च्या आतच थांबते.

बियाण्याच्या पिशवीवर जातीचे नाव असते, तसाच टॅगवर लॉट क्रमांकही असतो. उगवण झाली नाही तर तक्रारीला तो क्रमांक लागतो, म्हणून शेतकरी पिशवी, टॅग आणि पक्के बिल जपून ठेवतो. पॅकेज.जेसन म्हणजे जात, पॅकेज-लॉक.जेसन म्हणजे लॉट क्रमांक. ही दुसरी फाइल एनपीएमच्या पाचव्या आवृत्तीपासून, म्हणजे 2017 पासून, आपोआप तयार होते. तिच्यात प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती, ते उतरवण्याचा पत्ता आणि आतला मजकूर बदललेला नाही हे पडताळणारा हॅश नोंदलेला असतो.

सुरुवातीला आम्ही ही लॉक फाइल गिटमध्ये, म्हणजे कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, ठेवली नव्हती. खरेदी केंद्रावर दुसरा संगणक आला, त्यावर पॅकेजे नव्याने बसली आणि तारीख निवडण्याच्या कंपोनंटची थोडी नवी आवृत्ती आली. काटापावतीवर दिवस आणि महिना यांची अदलाबदल झाली. कोडमध्ये एकही ओळ बदललेली नव्हती, त्यामुळे दोष शोधण्यात दोन दिवस गेले आणि तोवर दिलेल्या पावत्या हाताने दुरुस्त कराव्या लागल्या. चुकारा पावतीच्या तारखेवरून निघतो. तेथे असली चूक शेतकऱ्याच्या पैशाला जाऊन भिडते. लॉक फाइल गिटमध्ये असलीच पाहिजे.

ती असली की नव्या संगणकावर 'एनपीएम इन्स्टॉल' ऐवजी 'एनपीएम सीआय' ही कमांड द्यावी. ती लॉक फाइलमध्ये कधीच बदल करत नाही, आणि दोन्ही फायलींचा मेळ बसला नाही तर काम थांबवून चूक दाखवते. मात्र ती आधीचे नोड_मॉड्यूल्स फोल्डर (पॅकेजे बसतात ती जागा) पुसून मगच नवे बसवते. नेट मध्येच तुटले तर हाती काहीच उरत नाही, म्हणून चालते फोल्डर आधी दुसऱ्या नावाने बाजूला ठेवावे.

पेन ड्राइव्हमधून पॅकेजे

उतरवलेल्या प्रत्येक पॅकेजची प्रत एनपीएम आपल्या कॅशमध्ये ठेवते. ही जागा कुठे आहे ते 'एनपीएम कॉन्फिग गेट कॅश' या कमांडने कळते. आमची पद्धत अशी आहे की तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी, जेथे फायबरचे नेट मिळते, तेथे लॅपटॉपवर एकदा 'एनपीएम सीआय' पूर्ण चालवायचे, 'एनपीएम कॅश व्हेरिफाय' देऊन साठा शाबूत असल्याची खात्री करायची आणि कॅशचे फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्यायचे. गावातील संगणकावर 'एनपीएम सीआय --ऑफलाइन --कॅश' लिहून पुढे त्या फोल्डरचा पत्ता दिला की नेट पूर्ण बंद असतानाही सगळी पॅकेजे बसतात. प्रत्येक पॅकेज लॉक फाइलमधील हॅशशी ताडून पाहिले जाते, त्यामुळे कॉपी करताना एखादी फाइल बिघडली असेल तर ती निमूटपणे आत जात नाही.

येथे दोन अडचणी हमखास येतात. काही पॅकेजांचा एक भाग प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीमसाठी वेगळा असतो. कोडची बांधणी (बिल्ड) करणारे ईएसबिल्ड हे त्याचे नेहमीचे उदाहरण आहे. विंडोजवर भरलेल्या कॅशमध्ये लिनक्सचा भाग येत नाही, म्हणून ज्या जातीच्या संगणकावर बसवायचे त्याच जातीच्या संगणकावर कॅश भरावी. दुसरे असे की ब्राउझर कोडमधून चालवणाऱ्या पपेटिअरसारखी काही पॅकेजे बसल्यानंतर ब्राउझर वेगळा उतरवतात आणि तो एनपीएमच्या कॅशमध्ये नसतो. अशी पॅकेजे टाळता आली तर टाळावीत.

नेट आहे पण बारीक आहे, अशा वेळी '--प्रिफर-ऑफलाइन' वापरावे. मग कॅशमध्ये आहे ते तेथूनच घेतले जाते आणि नसेल तेवढेच उतरवले जाते. 'एनपीएम कॉन्फिग सेट मॅक्ससॉकेट्स 3' दिल्यास एकाच वेळी फार जोडण्या उघडत नाहीत, आणि 'फेच-रिट्राइज' ही संख्या 5 केल्यास तुटलेले उतरवणे पुन्हा अधिक वेळा केले जाते. कोणतीही अडचण आली की 'एनपीएम कॅश क्लीन --फोर्स' द्या, असा सल्ला सर्रास मिळतो. गावात बसून तो कधीही मानू नये. तालुक्याला जाऊन जमवलेला साठा त्या एका कमांडने रिकामा होतो.

एकाच ॲपमध्ये दोन रिॲक्ट

कंपोनंट जोडून बांधलेल्या ॲपची खास अडचण म्हणजे एकाच लायब्ररीच्या दोन प्रती. तक्ता दाखवणाऱ्या एखाद्या कंपोनंटने स्वतःसोबत रिॲक्टची वेगळी प्रत आणली, तर बांधणी बिनतक्रार होते, पण पान उघडताच 'इनव्हॅलिड हुक कॉल' अशी चूक येते. हुक म्हणजे कंपोनंटला स्वतःची माहिती लक्षात ठेवू देणारी रिॲक्टची सोय. हुकची स्थिती रिॲक्टच्या ज्या प्रतीत असते त्याच प्रतीतून ती मागावी लागते, म्हणून दोन प्रती एकत्र नांदू शकत नाहीत. अशा वेळी 'एनपीएम एलएस रिॲक्ट' द्यावे. कोणत्या पॅकेजखाली कोणती आवृत्ती बसली आहे ते झाडासारखे दिसते. एखादे पॅकेज मुळात कोणामुळे आले, हे 'एनपीएम एक्स्प्लेन' सांगते. दोन्ही मागण्या एका आवृत्तीत भागत असतील तर 'एनपीएम डीड्यूप' जादा प्रत काढून टाकते. भागत नसतील तर त्या कंपोनंटची आपल्या रिॲक्टला मानणारी आवृत्ती शोधावी लागते.

आपण स्वतः कंपोनंटचे पॅकेज करत असाल तर रिॲक्टला 'पीअर डिपेंडन्सी' मध्ये लिहावे. त्याचा अर्थ असा की रिॲक्ट यजमान ॲपचेच वापरले जाईल. एनपीएमची सातवी आवृत्ती 2020 मध्ये आली, तेव्हापासून या पीअर डिपेंडन्सी आपोआप बसतात आणि त्यांचा मेळ नसेल तर 'ईरिझॉल्व्ह' ही चूक येते. '--लेगसी-पीअर-डेप्स' लिहून ती गप्प करता येते, पण मूळ विसंगती तशीच राहते. आधी चुकीचा मजकूर पूर्ण वाचावा; कोणाला कोणती आवृत्ती हवी आहे ते त्यातच लिहिलेले असते.

परक्याचा कोड

2016 च्या मार्चमध्ये लेफ्ट-पॅड हे 11 ओळींचे पॅकेज त्याच्या कर्त्याने काढून घेतले आणि जगभरातील असंख्य प्रकल्पांची बांधणी अडली. 2018 मध्ये इव्हेंट-स्ट्रीम या पॅकेजमध्ये क्रिप्टो पाकिटांवर डोळा ठेवून घातक कोड मिसळला गेला. म्हणून पॅकेज जोडण्यापूर्वी तेवढे काम दहा ओळींत स्वतः लिहिता येईल का, हे मी आधी पाहतो. 'एनपीएम ऑडिट' ही कमांड ज्ञात दोष दाखवते. 'एनपीएम ऑडिट फिक्स --फोर्स' मात्र पहिला आकडा बदलणाऱ्या आवृत्त्याही बसवू शकते, त्यामुळे ती न विचारता देऊ नये.

एकाच संगणकावर चार-पाच प्रकल्प असतील तर पीएनपीएम हे साधन अधिक सोयीचे ठरते. ते प्रत्येक पॅकेज एका सामाईक साठ्यात ठेवून प्रकल्पांना केवळ दुवे देते, त्यामुळे डिस्क आणि नेट दोन्ही वाचतात. जानेवारी 2025 मध्ये आलेल्या दहाव्या आवृत्तीपासून ते पॅकेजांच्या आतील स्क्रिप्ट परवानगीशिवाय चालवत नाही.

आवृत्त्या वाढवण्याचे काम खरेदीच्या हंगामात काढू नये. आम्ही ते उन्हाळ्यात, केंद्राचा काटा बंद असताना करतो. 'एनपीएम आउटडेटेड' ने यादी काढतो, गिटमध्ये वेगळी शाखा (मुख्य कोडला धक्का न लावता बदल करण्याची जागा) घेतो आणि एका वेळी एकच पॅकेज वाढवतो. प्रत्येक वाढीनंतर गेल्या हंगामातील वीस जुन्या काटापावत्या नव्याने छापून वजन, भाव, कपात आणि तारीख जुन्या कागदांशी ताडतो. वीसही जुळल्या तरच बदललेली लॉक फाइल मुख्य शाखेत जाते, आणि पुढच्या तालुका फेरीत पेन ड्राइव्हवरील कॅश नव्याने भरली जाते.