मॉडेल किट घेण्याआधी आतला मोल्ड कसा तपासायचा

मी पहिल्यांदा १/७२ स्केलचं, म्हणजे खऱ्याच्या ७२ पट लहान, मिग-२१ विमानाचं जोडायचं प्लास्टिक किट घेतलं ते डब्यावरचं चित्र बघून. डबा नवाकोरा, डिकल्स (मॉडेलवर चिकटवायची चिन्हं) हवाई दलाची, आणि उघडून बघतो तर आतला मोल्ड, म्हणजे पार्ट ज्यात बनतात तो साचा, कधीचा जुना, बॉडीचे दोन अर्धे जुळवले तर मधे नख जाईल एवढी फट, दोन रविवार नुसती पुट्टी भरण्यात आणि पॉलिश पेपर घासण्यात गेले.

असं होतं कारण स्टीलचा मोल्ड बनवायला खर्च खूप येतो, पण एकदा बनला की वर्षानुवर्षं चालतो, मग तोच मोल्ड नव्या डब्यात, नवी डिकल्स घालून परत परत विकला जातो, कधीकधी दुसऱ्याच कंपनीच्या नावाने. म्हणून आधी स्केलमेट्स या साइटवर किट शोधा, मोल्ड मुळात कुठल्या साली बनला ते तिथे टाइमलाइनमध्ये दिसतं. जुना मोल्ड घ्यायला हरकत नाही, पण मग किंमतही तशीच पाहिजे.

विक्रेत्याकडून स्प्रूचे, म्हणजे पार्ट ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिचे, फोटो मागवा, डब्याचे नकोत. पार्टच्या कडेला पापुद्र्यासारखं जास्तीचं प्लास्टिक दिसलं तर तो फ्लॅश, म्हणजे बहुतेक मोल्ड झिजलाय आणि नीट बंद होत नाहीये, हे कटरने निघतं, वेळ मात्र जातो. जाड पार्टवर उथळ खड्डा असेल तर तो सिंक मार्क, प्लास्टिक थंड होताना तिथे आकसतं, तो भरावाच लागतो. इजेक्टर पिनच्या (पार्ट मोल्डमधून बाहेर ढकलणाऱ्या दांड्यांच्या) गोल खुणा सगळ्याच किटमध्ये असतात, फक्त त्या कुठे आहेत ते बघा, सीटखाली असल्या तर काही बिघडत नाही, चाकाच्या कप्प्यात समोरच असल्या तर वैताग. पॅनल लाइन, म्हणजे विमानाच्या पत्र्यांच्या जोडाच्या रेघा, कोरलेल्या असाव्यात, उठावाच्या असल्या की जोड घासताना पुसून जातात. पार्ट किती आहेत यावर तर अजिबात जाऊ नका.

पैसे वसूल म्हणजे काय ते बघायचं तर बंदाई या जपानी कंपनीचं गंडम, म्हणजे अ‍ॅनिमे मालिकेतल्या रोबोचं किट, घ्या. १९८० साली पहिलं १/१४४ किट ३०० येनला आलं, त्याला ग्लू लागायचा, रंग द्यावा लागायचा. २०२० साली नवशिक्यांसाठीचं एंट्री ग्रेड आलं ७०० येनला, त्यात पार्ट आधीच वेगवेगळ्या रंगांचे, ग्लू नको, निपर (पार्ट कापायचा कटर) सुद्धा नको, हाताने तोडून लावायचे. ४० वर्षांनी ७०० येनमध्ये एवढं मिळालं ही मला खरंच मोल्ड बनवणाऱ्यांची कमाल वाटते.

किट घरी आलं की लगेच कापाकापी नको. एखादा पार्ट अर्धवट भरलाय का, कॅनॉपीला (कॉकपिटवरच्या पारदर्शक काचेला) ओरखडा आहे का बघा, फोटो काढून ठेवा, कारण एकदा स्प्रू कापला की बदलून मिळणं अवघड. मग भांड्याच्या साबणाने धुवा, मोल्डचं तेल राहिलं तर रंग धरत नाही, आणि ग्लू लावायच्या आधी टेपने सगळं जोडून बघा.